‘सौजन्य : इंटरनेट’ या चार अक्षरांपलीकडे

दिल्लीतील परिसंवादांना आणि प्रशिक्षणवर्गांना मी श्रोता म्हणून अनेक वर्षे जात आलो आहे. विषय पाणीटंचाईचा असो वा कुपोषणाचा, सादरीकरणात भेगाळलेल्या जमिनीचे एखादे छायाचित्र येतेच. मागे चित्रपटसंगीताची ओळखीची धून वाजते आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलेले असते, ‘सौजन्य : इंटरनेट’. या नावाचा छायाचित्रकार अद्याप जन्माला यायचा आहे. शिवाय श्रेय देणे म्हणजे परवानगी घेणे नव्हे, हे सभागृहातील सुशिक्षितांनाही सांगावे लागते. दहा सेकंदांपर्यंतचे संगीत वापरले तर चालते, हा समजही असाच निराधार आहे. आपल्या कायद्यात सेकंदांचे असे कोणतेही माप नाही.

कायद्यात माप आहे ते हेतूचे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार खासगी वापर व संशोधन, टीका व समीक्षा आणि चालू घडामोडींचे वृत्तांकन यांसाठी न्याय्य वापराची मुभा आहे. शिक्षक आणि विद्यार्थी यांना अध्यापनाच्या ओघात नक्कल करण्याची सवलत वेगळी. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील झेरॉक्स दुकानाविरुद्ध ऑक्सफर्डसह बड्या प्रकाशकांनी केलेल्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये या सवलतीचा उदार अर्थ लावला : अध्यापन म्हणजे केवळ वर्गातील व्याख्यान नव्हे, आणि किती पाने घेतली यापेक्षा अध्यापनासाठी ती आवश्यक होती काय, हा प्रश्न महत्त्वाचा.

संगीताबाबत मात्र कायदा श्रोत्यांकडेही पाहतो. शिक्षणसंस्थेच्या कार्यक्रमात ध्वनिमुद्रण वाजवता येते; पण श्रोते शिक्षक, विद्यार्थी, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित व्यक्ती एवढेच असावेत. आजची अडचण नेमकी येथे आहे. सादरीकरण आता सभागृहात थांबत नाही. त्याचे चित्रण संध्याकाळपर्यंत यूट्यूबवर चढते, आणि चार भिंतींच्या आत क्षम्य असलेली धून जगासमोर प्रसारित होते. एका गाण्यात गीतकार, संगीतकार आणि ध्वनिमुद्रणाचा निर्माता असे तिघांचे हक्क गुंतलेले असतात, याचा विचार तेव्हा कोणी केलेला नसतो.

मला अधिक खटकते ते वेगळेच. आशा सेविकांना शिकवणारी स्वयंसेवी संस्था, ग्रामसभेपुढे जलआराखडा मांडणारा अभियंता हे कायद्याच्या अर्थाने ‘शिक्षक’ आहेत काय? स्पष्ट उत्तर नाही. याच कलमात धार्मिक विधी, सरकारी समारंभ, एवढेच नव्हे तर लग्नाची वरातही सवलतीस पात्र ठरते! त्या सवलतीची व्याप्ती परिपत्रकाने वाढवू पाहणाऱ्या गोवा सरकारला मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२४ मध्ये रोखले आणि ते परिपत्रक रद्द केले. निकाल योग्यच होता. सवलती वाढवायच्या तर ते काम संसदेचे, सचिवालयाचे नव्हे. परंतु संसदेने ते करावे, असा आग्रह तरी कोण धरतो आहे?

हा प्रश्न किरकोळ नाही. कलम ६३ खाली जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. व्यापारी लाभ नसेल तर न्यायालय सौम्य शिक्षा देऊ शकते. पण तिथवर पोहोचण्याआधी पोलीस ठाणे लागते. दुसऱ्या बाजूला आहे तो उन्हातान्हात दुष्काळ टिपणारा तालुक्याच्या गावचा मुक्त छायाचित्रकार. संस्थांचे काम उदात्त आहे म्हणून त्याने फुकट राबावे, हेही मला मान्य नाही. सभागृहाचे भाडे आणि चहापान यांची तरतूद होते, तेथे छायाचित्राचे मानधनही बसू शकते.

सरकारला मात्र एक गोष्ट कायदा न बदलताही करता येईल. सरकारी छायाचित्रांवरही प्रसिद्धीनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो. म्हणजे जनतेच्या पैशाने काढलेले धरणाचे छायाचित्र जनतेलाच मोकळेपणाने वापरता येईल याची खात्री नाही. सरकारी आकडेवारीसाठी २०१७ मध्ये खुला परवाना आला. तसाच, श्रेय देण्याच्या अटीवरचा परवाना मंत्रालयांच्या छायाचित्रसंग्रहांना सरसकट लागू केला, तर अंगणवाडीचे, कालव्याचे किंवा लसीकरणाचे चित्र शोधणाऱ्या प्रशिक्षकाला निदान छायाचित्रांपुरता तरी सरळ मार्ग मिळेल.