‘झिरो बघून घ्या!’... आणि त्यानंतर? (पेट्रोल पंपामागचं इंजिनीअरिंग)

‘झिरो बघून घ्या हं!’ हे वाक्य ऐकलं नाही असा एकही टू-व्हीलरवाला आपल्या कॉलेजमध्ये सापडणार नाही. आपण झिरो बघतो, शंभराची नोट देतो आणि लेक्चर गाठायला सुसाट सुटतो. पण ते मशीन खरंच बरोबर मोजतंय हे कोण तपासतं? आणि नुसत्या एका ठिणगीने भडकणाऱ्या द्रवाशेजारी बसून त्याची दुरुस्ती कशी करतात? तुम्ही मेकॅनिकलचे असा, इलेक्ट्रिकलचे किंवा इन्स्ट्रुमेंटेशनचे, या एका मशीनमध्ये तुमच्या ब्रांचचं काही ना काही सापडेलच!

थोडा इतिहास

१८८५ साली अमेरिकेतल्या फोर्ट वेन या गावी सिल्व्हेनस बाउझर नावाच्या गृहस्थाने पहिला पंप बनवून विकला. गंमत म्हणजे तो पेट्रोलसाठी नव्हता, तर दुकानातलं रॉकेल मोजून देण्यासाठी होता. मोटारगाड्या आल्यावर त्याच कल्पनेचा पेट्रोल पंप झाला. आजही इंधनाच्या टँकरला अनेक ठिकाणी ‘बाउझर’ म्हणतात, तो शब्द याच गृहस्थाच्या नावावरून आला. मशीन पुढे पुष्कळ बदललं, पण त्याची दोन कामं तीच राहिली : बरोबर मोजणे आणि सुरक्षित ठेवणे.

आत नेमकं काय असतं?

ज्याला आपण ‘पंप’ म्हणतो त्याला तिथले लोक ‘डीयू’ म्हणजे डिस्पेन्सिंग युनिट म्हणतात. पेट्रोल असतं जमिनीखालच्या टाकीत. काही ठिकाणी डीयूमधली मोटर ते वर खेचते, तर काही ठिकाणी टाकीतच बुडवलेला पंप ते वर ढकलतो. खेचणाऱ्या प्रकारात पेट्रोल आधी गाळणीतून जातं, मग एअर सेपरेटरमधून. हा सेपरेटर फार महत्त्वाचा! मीटरला हवा आणि पेट्रोल यातला फरक कळत नाही. हवा आत गेली तर तीही पेट्रोल म्हणून मोजली जाते आणि पैसे आपल्या खिशातून जातात.

त्यापुढे येतो मीटर. यात छोटे पिस्टन असतात. पेट्रोलच्या दाबाने ते मागेपुढे होतात आणि एक दांडा फिरवतात. प्रत्येक फेरीत ठरावीक पेट्रोल पुढे जातं. त्या दांड्यावर बसवलेला पल्सर प्रत्येक फेरीला ठरावीक पल्सेस सर्किटला पाठवतो. सर्किट पल्सेस मोजतं, त्यांचे लिटर करतं, दराने गुणतं आणि आकडा डिस्प्लेवर दाखवतं. म्हणजे डिस्प्लेला पेट्रोल दिसतच नाही, त्याला दिसतात फक्त पल्सेस!

इथेच ‘झिरो’ची गोम आहे. झिरो बघितल्याने आधीच्या गिऱ्हाइकाचं बिल आपल्या माथी आलं नाही एवढंच कळतं. पुढचा प्रत्येक लिटर खरा आहे की नाही, हे झिरो सांगत नाही. २०१७ साली उत्तर प्रदेशात एसटीएफने आणि त्यानंतर महाराष्ट्रात ठाणे पोलिसांनी पंपांवर छापे घातले. मशीनच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये छेडछाड करून कमी पेट्रोल देण्याचे प्रकार तेव्हा उघडकीला आले. झिरो तिथेही बरोबर झिरोच दिसत होता.

पाच लिटरचं माप

मग खरं-खोटं कसं करायचं? त्यासाठी प्रत्येक पंपावर पाच लिटरचं धातूचं, शंकूसारखं माप असतं. वैधमापन शास्त्र विभागाने ते तपासून त्यावर मुद्रा उमटवलेली असते. त्याचा गळा मुद्दाम अरुंद ठेवतात. रुंद भांड्यात पंचवीस मिलीने पातळी केसभरच हलते, अरुंद गळ्यात तोच फरक डोळ्यांना स्पष्ट दिसतो.

तपासणीची पद्धत अशी :

१) आधी माप एकदा भरून रिकामं करायचं आणि ठरलेला वेळ निथळू द्यायचं. कोरड्या मापाच्या भिंतींना थोडं पेट्रोल चिकटून राहतं, म्हणून रीडिंग चुकतं.
२) माप सपाट जमिनीवर ठेवायचं. हातात किंवा गाडीवर नाही.
३) नोझल मापाच्या धातूला टेकवून ठेवायचं. याचं कारण पुढे येतंच आहे.
४) डिस्प्लेवर ५.०० लिटर येईपर्यंत भरायचं. एकदा पूर्ण वेगाने आणि एकदा सावकाश.
५) डोळे पातळीच्या रेषेत आणून गळ्यावरची खूण वाचायची.
६) मापातलं पेट्रोल त्याच इंधनाच्या टाकीत परत ओतायचं. डिझेलच्या टाकीत चुकून पेट्रोल गेलं तर डिझेल नेहमीपेक्षा सहज पेट घेऊ लागतं!

पाच लिटरमागे २५ मिलीपर्यंतचा फरक चालतो, म्हणजे अर्धा टक्का. आपल्या दोन लिटरमध्ये तो १० मिली होतो. तुम्ही म्हणाल, एवढ्याशाने काय होतंय? पण समजा एखादा पंप रोज ५००० लिटर विकतो. अर्धा टक्का म्हणजे रोजचे २५ लिटर आणि महिन्याचे ७५० लिटर! म्हणून फरक मर्यादेबाहेर गेला की त्या नोझलची विक्री थांबवावीच लागते. मीटरच्या सेटिंगला सील असतं आणि ते मालकाने किंवा मेकॅनिकने परस्पर तोडून चालत नाही. वैधमापनच्या अधिकाऱ्यांकडून पुन्हा पडताळणी होऊन नवीन सील लागल्यावरच विक्री सुरू होते. शिवाय वर्षातून एकदा ही पडताळणी करावीच लागते.

आता मेकॅनिकलवाल्यांसाठी एक प्रश्न. पिस्टन झिजले तर मीटर जास्त पेट्रोल देईल की कमी? उत्तर आहे, जास्त! झिजलेल्या पिस्टनच्या कडेने थोडं पेट्रोल न मोजताच निसटतं. वेग कमी असताना तर निसटलेल्याचा हिस्सा आणखी वाढतो, म्हणूनच सावकाश भरूनही बघायचं असतं. म्हणजे नुसत्या झिजेने बहुतेक वेळा मालकाचंच नुकसान होतं. मेंटेनन्सवरचा खर्च वायफळ समजणाऱ्या मालकांनी हे जरूर वाचावं!

धोका दिसत नाही, तरी असतो

पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट साधारण उणे ४० अंश सेल्सिअस असतो. म्हणजे भर हिवाळ्यात महाबळेश्वरलासुद्धा सांडलेल्या पेट्रोलवर पेट घेणारी वाफ तयार असते. हवेत ही वाफ साधारण १.४ ते ७.६ टक्के झाली की ती पेटू शकते. हवेपेक्षा ती तिपटी-चौपटीने जड असल्यामुळे वर उडून न जाता जमिनीवरून सरपटते आणि खड्ड्यात, गटारात, डीयूच्या तळाशी साठते. आणि तिला पेटवायला किती ऊर्जा लागते? एक मिलीज्यूलच्याही बऱ्याच खाली! स्वेटर काढताना जी ‘चट्’ होते, तेवढी ठिणगी पुरते.

अशी ठिणगी स्थितिक विजेतूनही येते. पेट्रोल पाइपमधून वेगाने वाहताना त्यावर विद्युतभार जमा होतो. म्हणून होजमधून वाहक तार नेऊन नोझल अर्थ केलेलं असतं. नोझल मापाला टेकलेलं असलं की दोघांत व्होल्टेजचा फरकच राहत नाही, मग ठिणगी पडणार कुठून? प्लास्टिकच्या कॅनमध्ये किंवा बाटलीत पेट्रोल घेऊ नये म्हणतात ते याचसाठी. प्लास्टिकवरचा भार जमिनीत जाऊ शकत नाही.

पंपाच्या मोटरला जिथे वायर जोडतात ते बॉक्स ‘फ्लेमप्रूफ’ असतात. या शब्दाचा अर्थ पुष्कळांना वाटतो तसा ‘आत स्फोट होतच नाही’ असा नाही. आत स्फोट झाला तरी ज्वाला बाहेर येत नाही, असा आहे. झाकण आणि बॉक्स यांच्यामधल्या अतिशय बारीक फटीतून बाहेर पडताना तप्त वायू इतके थंड होतात की बाहेरची वाफ पेटत नाही. १८१५ साली हंफ्री डेव्हीने खाणकामगारांसाठी केलेल्या दिव्याच्या जाळीतही साधारण हेच तत्त्व होतं. पण ही हुशारी झाकणाचे सगळे बोल्ट जागेवर आणि घट्ट असतील तरच चालते. आठपैकी एक जरी बोल्ट ‘नंतर लावू’ म्हणून राहिला, तर फ्लेमप्रूफ बॉक्स हा नुसता जड बॉक्स उरतो!

दुरुस्ती : घाई नको

गेल्या सुट्टीत मिनी प्रोजेक्टसाठी आम्ही तिघी मैत्रिणी एका पंपावर मालकांच्या परवानगीने मेंटेनन्स बघायला गेलो होतो. सर्व्हिसला आलेले काका गेली वीस वर्षं हेच काम करताहेत. त्यांनी आधी डीयूभोवती कोन लावले आणि दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबवल्या. पावडरचं अग्निशामक आणि वाळूच्या बादल्या हाताशी आणून ठेवल्या. मग आत जाऊन ब्रेकर पाडला, त्याला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि ‘काम चालू आहे, स्विच लावू नये’ ही पाटी अडकवली. आम्हाला वाटलं, झालं! आता झाकण उघडणार.

काका म्हणाले, “डिस्प्ले बघा गं पोरींनो.”

डिस्प्ले चालूच होता. मोटरची लाइन बंद झाली होती, पण इलेक्ट्रॉनिक्सला यूपीएसवरून वेगळी लाइन होती.

“काका, कुणी ही दुसरी लाइन विसरलं तर?” मी विचारलं.

“तर ते शेवटचं विसरणं,” ते शांतपणे म्हणाले आणि यूपीएसची लाइन बंद करायला आत गेले.

आपल्या सिलॅबसमध्ये ‘आयसोलेशन’ची व्याख्या आहे, दोन मार्कांना येते. तिचा अर्थ मात्र मला त्या डिस्प्लेसमोर समजला. सप्लाय किती ठिकाणांहून येतो हे आधी शोधायचं, सगळे बंद करायचे आणि बंद झाल्याची खात्री टेस्टरने करायची. त्याआधी हात घालायचा नाही.

पुढचं कामही तितक्याच शिस्तीत झालं. होजमधला दाब काढून टाकला. मोबाइल आधीच ऑफिसमध्ये ठेवले होते. हत्यारं पितळी, ठिणगी न पाडणारी. फिल्टर बदलताना खाली ट्रे ठेवला, कारण जुन्या फिल्टरमध्येही पेट्रोल भरलेलं असतं. निघालेलं पेट्रोल गटारात नाही, तर धातूच्या झाकणबंद डब्यात. दोन-चार थेंब सांडले त्यांच्यावर लगेच वाळू टाकली. शेवटी सगळे बोल्ट मोजून बसवले, लाइन चालू करून गळती बघितली, हवा निघून जाऊ दिली आणि पाच लिटरच्या मापाने पुन्हा तपासणी केली. त्यानंतरच कोन हलवले! हे सगळं होईपर्यंत बाहेर उभे असलेले दोन गाडीवाले हॉर्न वाजवत होते, ही गोष्ट वेगळी.

रोजची तपासणी

मोठ्या दुरुस्तीची वेळ येऊ नये म्हणून रोज सकाळी काही गोष्टी बघायच्या असतात. होजला चिरा आहेत का, नोझल ठिबकतं का, सील शाबूत आहे का, इमर्जन्सी स्विचसमोर कुणी ऑइलचे डबे तर रचले नाहीत ना! नोझलचा ऑटो कट-ऑफ चालतो का हेही बघायचं. हा कट-ऑफ म्हणजे फर्स्ट इयरच्या बर्नूलीचा चमत्कार. नोझलच्या टोकाला एक बारीक भोक असतं. वाहत्या पेट्रोलमुळे आत निर्वात तयार होतो आणि त्या भोकातून हवा खेचली जाते. टाकी भरून भोक पेट्रोलने बुजलं की निर्वात वाढतो, पडदा ओढला जातो आणि झडप खटकन बंद होते. ना बॅटरी, ना सेन्सर!

पावसाळ्यात आणखी एक काम वाढतं. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉलला पाण्याची भारी ओढ. टाकीच्या झाकणातून पाणी झिरपलं तर इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याबरोबर तळाला जाऊन बसतं. म्हणून डिप रॉडला पाणी ओळखणारी पेस्ट लावून टाकीचा तळ तपासायचा. ही पेस्टसुद्धा इथेनॉलच्या पेट्रोलला चालणारीच हवी.

आपण काय करायचं?

पंपावर शंका आली तर पाच लिटरच्या मापाने मोजून दाखवा असं सांगायचा आपल्याला हक्क आहे. फिल्टर पेपर मागायचाही आहे. त्यावर पेट्रोलचा थेंब टाकला की शुद्ध पेट्रोल दोनेक मिनिटांत उडून जातं, तेलकट डाग राहिला तर भेसळीची शंका घ्यायची. मात्र हे सांगताना आवाज चढवायची गरज नाही. नोझल धरणारा मुलगा बहुतेक वेळा आपल्याच वयाचा असतो, आणि दिवसभर पेट्रोलची वाफ आपण नाही, तो घेत असतो.

पहाटे भरलं तर पेट्रोल जास्त मिळतं, हा समज मात्र सोडून द्या. एक अंश तापमानाने पेट्रोलचं आकारमान साधारण ०.१ टक्का बदलतं, आणि जमिनीखालच्या टाकीचं तापमान दिवसभरात फारसं हलतच नाही.

पेट्रोल आणि स्फोटकं यांच्या सुरक्षेचे नियम बघणारी केंद्र सरकारची ‘पेसो’ ही संस्था आहे, तिचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. इंजिनीअरिंगनंतर करिअर कुठे करायचं असा प्रश्न पडलेल्यांनी या क्षेत्राचाही विचार करायला हरकत नाही. आणि पुढच्या वेळी पंपावर डीयूभोवती कोन लावलेले दिसले तर हॉर्न वाजवू नका. गाडी बंद करा आणि दहा मिनिटं थांबा. आत कुणीतरी बोल्ट मोजत असेल, त्याला सावकाश मोजू द्या!