दारूविना ग्लास आणि बदलापूरचं जांभूळ

बदलापूर पूर्वेला खरवईच्या बाजूने आता लग्न आणि हळदीच्या मांडवात मॉकटेलचा काउंटर हमखास असतो. निळं किंवा हिरवं सिरप, त्यावर लिंबूसोडा, भरपूर बर्फ आणि काठावर पुदिन्याचं पान. मुलं पुन्हा पुन्हा रांगेत येतात. मोठी माणसं दोन घोट घेऊन ग्लास बाजूला ठेवतात. दारू नसल्याने ग्लास बेचव होतो, असं त्यावरून मानलं जातं. मला ते मान्य नाही. बिघडवते ती साखर.

कॉकटेलची व्याख्या 1806 साली अमेरिकेतल्या हडसन इथल्या एका साप्ताहिकात छापून आली होती: मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स, म्हणजे कडू अर्क. गोडाला कडू आणि जळजळीत असे दोन पहारेकरी तिथे पहिल्यापासून आहेत. मद्यार्क ग्लासात बरीच कामं करतो. साली, मुळं, मसाले यांतली जी सुगंधी द्रव्यं पाण्यात नीट उतरत नाहीत ती तो विरघळवतो आणि नाकापर्यंत पोचवतो. घोटाला थोडा दाटपणा देतो. घसा जाळतो, आणि म्हणूनच माणूस कॉकटेल सावकाश पितो. मद्य काढलं की ही सगळी कामं अडतात, आणि आपले केटरर ती जागा सिरपने भरतात.

खरं तर ती भरायला लागणारं सामान कोकणपट्टीत पिढ्यान्‌पिढ्या आहे. मद्यार्काने जी जळजळ होते ती तोंडातल्या ज्या संवेदकामुळे, तोच संवेदक मिरचीनेही चेतवला जातो. गोव्यात उन्हाळ्यात काजूच्या बोंडांची पहिल्या धारेची हुर्राक लिंबूसोडा, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घालून पितात. त्यातली हुर्राक वगळून कोकमाचं आगळ घाला. आंबट, खारट, तिखट तिन्ही जागच्या जागी राहतात आणि ग्लास रिकामा करायची घाई होत नाही. आल्याचा रसही हेच काम करतो. पन्ह्यात वेलची आणि केशर का घालतात, तेही यावरून कळतं: सुगंधाची बाजू त्यांनी सांभाळायची.

उरतो तुरटपणा. रेड वाइन पिताना जीभ आणि गाल आक्रसतात ते टॅनिनमुळे, आणि बहुतेक मॉकटेलांत नेमका त्याचाच पत्ता नसतो. इथे बदलापूरचं जांभूळ कामाला येतं. या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. फळात टॅनिन आहे, आंबटपणा आहे, आणि कुठल्याही बाटलीतल्या रंगाला लाजवील असा जांभळा रंग आहे. हंगाम मात्र जेमतेम, पावसाच्या तोंडावरचा; फळ नाजूक, तोडल्यावर फार टिकत नाही. म्हणून गर काढून गोठवून ठेवावा. मग तो हिवाळ्यातल्या लग्नसराईतही वापरता येतो.

तब्येतीच्या हिशेबातही डोळे उघडे ठेवावेत. 42.8 टक्के मद्यार्काच्या 60 मिलिलिटर दारूत साधारण 20 ग्रॅम मद्यार्क, म्हणजे सुमारे 140 कॅलरी. पाच चमचे साखर घातलेल्या मॉकटेलात साधारण 80. फरक आहे, पण मॉकटेलचा दुसरा ग्लास घेतला की तो उरत नाही. जांभूळ मधुमेहाला चांगलं म्हणून साखर घातलेलं जांभळाचं सरबत मधुमेही माणसाच्या हाती देणं तर सरळ चूक आहे. तरीही दोन्ही ग्लास एका तराजूत घालता येणार नाहीत. मद्याची कोणतीही मात्रा आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट सांगितलं. कर्करोगाशी मद्याचा संबंध तर 1988 पासून नोंदलेला आहे. मॉकटेल पिऊन कुणी बदलापूर-काटई रस्त्यावर गाडी ठोकत नाही.

बाटलीबंद ‘नॉन-अल्कोहोलिक’ बिअरबद्दल एक सूचना. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांत 0.5 टक्क्यांहून अधिक मद्यार्क असलं तरच पेय मद्य ठरतं. म्हणजे त्याखालचं थोडं मद्य आत असू शकतं. ज्यांना थेंबही चालत नाही, त्यांनी लेबल वाचावं.

घरी करून बघायचं असेल तर: दोन मोठे चमचे जांभळाचा गर, एक चमचा आगळ, अर्धा चमचा आल्याचा रस, चिमूटभर पादेलोण, उभी चिरलेली अर्धी मिरची, बर्फ आणि वर थंड सोडा. आगळ खारट असतं, तेव्हा पादेलोण चाखूनच घाला. साखर आधी घालूच नका; लागलीच तर अर्धा चमचा गुळाचं पाणी.

दारू काय, मॉकटेल काय, हळदीत ग्लास लागतोच. पुढचा मांडव तुमच्या घरचा असेल तर केटररला निळं सिरप आणू नको म्हणून सांगा, आणि जांभळाचा गर जूनमध्येच इथल्या बागायतदाराकडून घेऊन ठेवा.