हॅड्रियनच्या भिंतीलगतचा मुक्काम

बेड अँड ब्रेकफास्ट म्हणजे राहत्या घरातली पाहुण्यांची खोली आणि सकाळची भरपेट न्याहारी. यजमान त्याच घरात राहतात, खोल्या मोजक्याच असतात आणि रात्रीचे जेवण सहसा मिळत नाही. ब्रिटनमध्ये या व्यवस्थेला थोडक्यात ‘बी अँड बी’ म्हणतात. ती शहरांतही आहे; पण तिचे महत्त्व कळते ते खेड्यात, पायवाटेच्या कडेला. हॅड्रियनच्या भिंतीचा परिसर हे त्याचे उत्तम उदाहरण आहे.

रोमन सम्राट हॅड्रियनच्या काळात, इ. स. १२२ मध्ये, या भिंतीचे बांधकाम सुरू झाले. उत्तर इंग्लंडमध्ये पूर्वेच्या वॉल्सएंडपासून पश्चिमेच्या बोनेस-ऑन-सॉल्वेपर्यंत ती सुमारे ११८ किलोमीटर पसरलेली होती. १९८७ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला. २००३ मध्ये तिच्या कडेने १३५ किलोमीटरची राष्ट्रीय पायवाट खुली झाली. ती पूर्ण चालायला साधारण आठवडा लागतो, म्हणजे वाटेत सहा-सात मुक्काम करावे लागतात. मधल्या उंच माळावर शहर नाही. मेंढ्यांची कुरणे, दगडी बांध आणि दूरदूर विखुरलेली शेतकऱ्यांची घरे एवढेच तिथे दिसते. चालणाऱ्याला आसरा मिळतो तो याच घरांत.

घराची रीत

पाहुण्याने दुपारी चारच्या सुमारास यावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत खोली सोडावी, अशी सर्वसाधारण पद्धत आहे. चिखलाचे बूट दाराशीच काढून ठेवायचे असतात. पायवाटेजवळच्या अनेक घरांत ओले कपडे आणि बूट वाळवण्यासाठी वेगळी उबदार जागा असते. वर्षाचे बाराही महिने पाऊस पडू शकणाऱ्या मुलखात ही सोय पलंगाइतकीच मोलाची ठरते. खोलीत किटली, चहाची पाकिटे, दूध आणि बिस्किटे ठेवलेली असतात. पाहुण्याने आल्या आल्या आपला चहा आपणच करून घ्यावा, हा तिथल्या पाहुणचाराचाच भाग आहे.

न्याहारी मात्र यजमान ताजी करून वाढतात. अंडी, सॉसेज, बेकन, परतलेले टोमॅटो, अळंबी, टोमॅटोच्या रसातल्या घेवड्याच्या बिया, टोस्ट आणि संत्र्याचा मार्मलेड असा तिचा थाट असतो. सोबत ओट्सची लापशीही मिळते. कोणाला काय हवे, हे बऱ्याच घरांत आदल्या रात्रीच विचारून ठेवतात. ब्लॅक पुडिंग नावाचा काळा काप बहुधा डुकराच्या रक्तापासून केलेला असतो, हे शाकाहारी पाहुण्याने ध्यानात ठेवावे. आपण काय खातो आणि काय खात नाही, हे खोली ठरवतानाच कळवले, तर बहुतेक यजमान त्याप्रमाणे तयारी करतात. आधी सांगितल्यास अनेक ठिकाणी दुपारची शिदोरीही बांधून मिळते. रात्रीच्या जेवणासाठी जवळच्या गावातला पब गाठावा लागतो. पब लांब असेल, तर काही यजमान आपल्या गाडीतून पाहुण्याला तिथे सोडतात.

घरगुती असला तरी हा व्यवहार कायद्याच्या चौकटीत चालतो. न्याहारी देणाऱ्या घराला खाद्यव्यवसाय म्हणून स्थानिक प्रशासनाकडे नोंदणी करावी लागते. स्वच्छतेची तपासणी होऊन शून्य ते पाच असे गुण मिळतात. राहत्या घरातील सुसज्ज खोल्या भाड्याने देणाऱ्यांना वर्षाला ७,५०० पौंडांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर माफ आहे. ही मर्यादा २०१६ पासून लागू आहे. शेतीला जोडधंदा शोधणाऱ्या कुटुंबाला त्यामुळे एक-दोन खोल्यांपासून सुरुवात करता येते.

वाटेचा हक्क

खेड्यातील हे मुक्काम चालतात, कारण चालायला वाटा आहेत. इंग्लंड आणि वेल्समध्ये खासगी शेतांतून जाणाऱ्या हजारो पायवाटांवर जनतेचा कायदेशीर हक्क आहे. अशा मार्गांची एकूण लांबी सुमारे २,२५,००० किलोमीटर भरते. जमीन शेतकऱ्याची असली, तरी वाट त्याला अडवता येत नाही. चालणाऱ्यानेही वाट सोडून पिकात शिरायचे नसते आणि कुंपणाचे फाटक जसे असेल तसेच ठेवायचे असते.

हा हक्क सहज मिळालेला नाही. २४ एप्रिल १९३२ रोजी डर्बीशरमधील किंडर स्काउट या डोंगरावर शेकडो कामगार तरुणांनी मनाई मोडून पाऊल ठेवले. शिकारीसाठी राखलेला हा माळ लोकांना बंद होता. त्यांच्यापैकी पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढे १९४९ च्या कायद्याने राष्ट्रीय उद्याने, लांब पल्ल्याच्या राष्ट्रीय पायवाटा आणि सार्वजनिक वाटांचे अधिकृत नकाशे यांची पायाभरणी केली. त्यातून पेनाइन वे ही पहिली राष्ट्रीय पायवाट १९६५ मध्ये खुली झाली. हॅड्रियनच्या भिंतीलगतचा काही भाग पेनाइन वे आणि भिंतीची पायवाट या दोन्ही वाटांना सामाईक आहे. राष्ट्रीय पायवाटांवरच्या खांबांवर ओकच्या फळाचे चिन्ह असते. ते पाहत गेले, की वाट चुकण्याची भीती राहत नाही.

भिंतीच्या कडेने

भिंतीचा सर्वांत देखणा भाग मधला आहे. तिथे व्हिन सिल नावाच्या काळ्या अग्निजन्य खडकाचा उत्तरेकडे तुटलेला कडा आहे. हा डोलेराइट, म्हणजे सह्याद्रीच्या बेसाल्टच्या नात्यातलाच खडक. रोमनांनी या कड्याच्या माथ्यावरूनच भिंत नेली. विनशील्ड्स क्रॅग हे तिचे सर्वोच्च ठिकाण समुद्रसपाटीपासून ३४५ मीटर उंच आहे. प्रत्येक रोमन मैलावर एक छोटी गढी आणि दोन गढ्यांच्या दरम्यान दोन बुरूज, असा भिंतीचा आराखडा होता. रोमच्या तीन सैन्यदलांनी ती उभारली. पहाऱ्याला मात्र साम्राज्याच्या कानाकोपऱ्यांतले सैनिक होते. कारव्होरन येथे तर सीरियाचे तिरंदाज तैनात होते.

हाउसस्टेड्सच्या किल्ल्यात धान्यकोठाराची उचललेली जमीन आणि वाहत्या पाण्याने धुतले जाणारे सामूहिक शौचालय आजही पाहता येते. चेस्टर्स येथे घोडदळाचा तळ होता. तिथल्या स्नानगृहाच्या भिंती नदीकाठी अजून उभ्या आहेत. बर्डोस्वाल्डजवळ भिंतीचा सर्वांत लांब सलग तुकडा शिल्लक आहे.

विंडोलँडा हा तळ भिंतीच्या थोडा दक्षिणेला असून तिच्याहूनही जुना आहे. तिथल्या ओल्या, हवाबंद मातीत १९७३ मध्ये पुरातत्त्वज्ञ रॉबिन बर्ली यांना शाईने लिहिलेल्या लाकडाच्या पातळ पट्ट्या सापडल्या. इ. स. १०० च्या आसपासची ही पत्रे आणि हिशेब आहेत. एका पत्रात क्लॉडिया सेव्हेरा नावाची अधिकाऱ्याची पत्नी सुल्पिसिया लेपिडिना या मैत्रिणीला वाढदिवसाचे बोलावणे करते. पत्र लेखनिकाने लिहिले असले, तरी शेवटचा मजकूर तिच्या स्वतःच्या हातचा आहे. स्त्रीच्या हस्ताक्षरातील लॅटिन लेखनाच्या सर्वांत जुन्या ज्ञात नमुन्यांत त्याची गणना होते. दुसऱ्या एका पत्रात कोणासाठी तरी मोजे आणि आतले कपडे पाठवल्याचा उल्लेख आहे. तिथल्या गारठ्यात दिवसभर चाललेल्या माणसाला त्या मोज्यांचे मोल वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

याच वाटेवर कड्याच्या खळग्यात सिकमोर गॅपचे एकाकी झाड होते. सप्टेंबर २०२३ मध्ये ते एका रात्रीत बेकायदा तोडण्यात आले. पुढच्या वर्षी त्याच्या बुंध्याला नवे धुमारे फुटले.

दगड आणि माणसे

रोमन सत्ता गेल्यावर भिंतीचे घडीव दगड लोकांनी नेले. लॅनरकॉस्टचा मठ, वाडे, शेतांचे बांध आणि शेतघरे त्यांतून उभी राहिली. १७४५ च्या जॅकोबाइट उठावानंतर बांधलेल्या लष्करी रस्त्याखाली तर भिंतीचा मोठा भाग गाडला गेला. त्यामुळे या परिसरातल्या एखाद्या जुन्या शेतघरात मुक्काम केलेला पाहुणा रोमन दगडांच्या आडोशाला झोपलेला असू शकतो.

१८०१ मध्ये विल्यम हटन हे ७८ वर्षांचे गृहस्थ बर्मिंगहॅमहून भिंत पाहायला निघाले. जाऊन-येऊन सुमारे ६०० मैलांचा प्रवास त्यांनी पायी केला आणि त्यावर पुस्तक लिहिले. वाटेत मिळेल तिथे ते रात्रीचा आसरा घेत. पुढे जॉन क्लेटन या न्यूकॅसलच्या वकिलाने १८३४ पासून भिंतीखालच्या जमिनी विकत घ्यायला सुरुवात केली. दगड नेणे थांबवून त्यांनी पडलेले भाग पुन्हा रचून घेतले. आज मधल्या टप्प्यात भिंत शाबूत दिसते, त्याचे बरेचसे श्रेय त्यांना जाते.

घर, वाट आणि भिंत यांचे भवितव्य किती एकत्र गुंतलेले आहे, हे २००१ मध्ये दिसून आले. त्या वर्षी ब्रिटनमध्ये जनावरांच्या लाळ-खुरकूत रोगाची मोठी साथ पसरली. तिचा उगम भिंतीच्या काठावरच्याच हेडन-ऑन-द-वॉल येथील वराहपालन केंद्रापर्यंत शोधण्यात आला. साथ आवरण्यासाठी साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. संसर्ग पसरू नये म्हणून देशभरच्या पायवाटा बंद झाल्या आणि चालणाऱ्यांची ये-जा थांबली. गोठा रिकामा झाला आणि पाहुण्यांची खोलीही. ग्रामीण भागाची मिळकत शेतीइतकीच वाटसरूंवरही अवलंबून आहे, हे सरकारला आणि लोकांनाही त्या वर्षाने शिकवले. भिंतीची राष्ट्रीय पायवाट त्यानंतर दोनच वर्षांनी खुली झाली.

जाण्यापूर्वी

मे ते ऑक्टोबर हा चालण्याचा योग्य काळ आहे. हिवाळ्यात जमीन भिजलेली असते. पावलांनी गवत निघून जाते आणि खालचे पुरातन अवशेष उघडे पडतात, म्हणून त्या महिन्यांत वाटेवर जाणे टाळावे असे सांगितले जाते. भिंतीवर चढू नये. गवतावर एकामागोमाग एक न चालता शेजारी-शेजारी चालावे, म्हणजे एकच चाकोरी पडून जमीन खचत नाही.

न्यूकॅसल ते कार्लाइल रेल्वेमार्गावरील हेक्सहॅम आणि हॉल्टव्हिसल ही स्थानके मधल्या टप्प्याला सोयीची आहेत. हंगामात भिंतीच्या कडेने बस धावते. तिचा क्रमांक एडी १२२ हा बांधकामाच्या वर्षावरूनच दिला आहे. जड सामान एका मुक्कामावरून पुढच्या मुक्कामी पोहोचवणाऱ्या गाड्या असल्याने पाठीवर दिवसापुरतेच ओझे घेऊन चालता येते. प्रत्येक घरात खोल्या थोड्या असतात आणि दोन घरांतले अंतर कधी कधी कित्येक किलोमीटरचे असते. म्हणून सगळे मुक्काम काही महिने आधी ठरवावेत, रोजचे अंतर त्या घरांप्रमाणे आखावे आणि बेत बदलला, तर यजमानांना लगेच कळवावे. दोन-तीन खोल्यांच्या घरात एक खोली रिकामी राहिली, की त्या रात्रीची निम्मी किंवा एक-तृतीयांश कमाई बुडते.