बलार्ध : व्यायामाची मात्रा आणि सातत्य

चिकित्सापत्रावर औषधाची मात्रा, काल आणि अनुपान आपण काटेकोरपणे लिहितो. व्यायामाबाबत मात्र ‘व्यायाम करावा’ या दोन शब्दांवर थांबतो. परिणाम सर्वांच्या परिचयाचा आहे. रुग्ण उत्साहाने व्यायामशाळेत जातो, पहिल्याच आठवड्यात झेपेल त्याहून अधिक वजन उचलतो, खांदा वा कंबर धरते आणि महिन्याभरात सारे बंद पडते. येथे रुग्णाच्या निश्चयाला दोष देण्यापूर्वी मात्रेचा विचार व्हावा, असे आम्हांस वाटते.

चरकसंहितेत बलाचे सहज, कालज आणि युक्तिकृत असे तीन प्रकार सांगितले आहेत. आहार व चेष्टा यांच्या योग्य योजनेने मिळणारे युक्तिकृत बल हेच वैद्याच्या कक्षेतील बल होय. दशविध परीक्षेत व्यायामशक्तीला स्वतंत्र स्थान आहे ते याचसाठी. ती न पाहता व्यायाम सांगणे म्हणजे अग्नी न पाहता स्नेहपान देणे.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात (अध्याय २४) व्यायाम नित्य, परंतु अर्ध्या बलाने करावा, असा निर्देश आहे. श्वास तोंडावाटे येऊ लागला की बलार्ध झाले. कपाळ, नाक, काखा व सांधे येथील घाम आणि मुखशोष हीही लक्षणे परंपरेने मानली आहेत. हे ‘अर्ध’ ज्याचे त्याचे असते आणि बल वाढले की तेही वाढते. शिल्लक राहिलेले अर्धे बलच माणसाला उद्या पुन्हा व्यायामाकडे आणते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांनी आठवड्यातून किमान २ दिवस सर्व प्रमुख स्नायूंचा बलवर्धक व्यायाम करावा, असे म्हटले आहे. पन्नाशीच्या, बैठे काम करणाऱ्या रुग्णासाठी आम्ही पुढील योजना सुचवितो : सोमवारी व गुरुवारी खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून जोर, टाचा उचलणे आणि पाण्याने भरलेली बादली बेताने उचलणे, प्रत्येकी ८ आवर्तने. इतर दिवशी चालणे अथवा मोजके सूर्यनमस्कार.

चरकाचार्यांनी व्यायामाचे विवेचन केले त्याच अध्यायात (सूत्रस्थान ७) सवयी बदलण्यासाठी चतुर्थांशाचा क्रम सांगितला आहे. तोच न्याय येथे लावावा. ८ आवर्तने सहज होऊ लागली, की १० करावीत. मग भिंतीऐवजी ओटा, पुढे जमीन. ग्रीष्मात मात्रा घटवावी. अजीर्ण वा ज्वर असता विश्रांती घ्यावी. हृद्रोग वा अनियंत्रित रक्तदाब असल्यास आधी तपासणी करावी, आणि जोर लावताना श्वास कोंडू नये.

पुढील भेटीत रुग्णाला ‘किती वजन उचलता?’ असे विचारण्याऐवजी ‘किती दिवस चुकले?’ असे विचारावे. उत्तर ‘बरेच’ असे आले, तर उपदेश न करता मात्रा कमी करून द्यावी.