रविवारची गाणी

१९७७ सालच्या ‘अमर अकबर अँथनी’त अमिताभ बच्चन एका प्रचंड अंड्यातून बाहेर उडी मारतो आणि आपले नाव सांगत गाऊ लागतो. मराठी घरांतल्या दोन पिढ्यांची ख्रिस्ती तरुणाशी ओळख त्या अंड्यापाशी झाली आणि बरीचशी तिथेच थांबली. पडद्यावरचा अँथनी गल्लीतला दादा होता. ज्याचे नाव त्याला मिळाले, तो माणूस मात्र हातात व्हायोलिन धरणारा होता. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे संगीतकार प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. त्यांना संगीताचे पहिले धडे मिळाले ते चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख असलेल्या वडिलांकडून. शंकर-जयकिशनच्या गाण्यांचे वाद्यमेळ बांधणारे सेबॅस्टियन डिसूझाही गोव्याचेच. गोव्यातल्या गावोगावच्या चर्चशाळांत मुलांना प्रार्थनेबरोबर स्वरलिपी शिकवली जाई. तिथे तयार झालेली पोरे पोटासाठी मुंबईला आली आणि हिंदी चित्रपटाचा वाद्यवृंद उभा राहिला. चर्चमधला सूर आपण अनेक वर्षे रेडिओवर ऐकत आलो, फक्त तो तिथला आहे हे कुणी सांगितले नाही.

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोकसंख्या १० लाख ८० हजारांच्या घरात, म्हणजे शेकडा एकाहूनही कमी होती. त्यातही वसईचा कुपारी, मुंबईचा ईस्ट इंडियन, नगर-श्रीरामपूरकडचा शेतमजुराचा नातू आणि पुण्यात नोकरीला आलेला केरळी किंवा मिझो मुलगा यांना एका माळेत ओवणे अवघड. त्यांना जोडणारी गोष्ट कोणती असे विचारले, तर धर्मशास्त्राच्या आधी गाणे सांगावे लागेल. ख्रिस्ती घरातले मूल बायबल वाचायला लागण्याआधी गायला लागते. चौदा-पंधराव्या वर्षी ते कॉयरमध्ये उभे राहते, विशीत गिटार घेऊन पुढे येते, आणि त्याच सुमारास वडीलधाऱ्यांशी त्याचा पहिला धार्मिक वाद होतो. हा वाद देव आहे की नाही यावर क्वचितच होतो. तो होतो ड्रम वाजवायचे की नाही यावर.

उपासनेत कुठले संगीत चालावे, हा वाद चारशे वर्षांचा आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांची पुराणे काढून घेतली होती आणि त्यांच्या जागी गाता येईल असे काही दिलेले नव्हते. ही उणीव ओळखून त्याने मराठीत सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली राशोलला रोमन लिपीत छापले गेले. युरोपातून आलेल्या धर्माला त्याने ज्ञानेश्वरांच्या ओवीत बसवले, आणि ही ओवी पुढे गोव्याच्या आणि मंगळूरच्या ख्रिस्ती घरांत गायली गेली. पोर्तुगीज सत्तेने मात्र १६८४ साली स्थानिक भाषेवर बंदी घातली. म्हणजे देशी चाल आणणारे आणि ती दाबणारे, दोघेही एकाच धर्माचे होते. आज देशी सुरांची बाजू घेणाऱ्यांनी आणि त्यांना नाके मुरडणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवलेले बरे.

इथे थोडे आडवळण. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा मराठ्यांबरोबर देशावर आल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या, वाईजवळच्या मेणवलीच्या आणि भीमाशंकरच्या देवळांत त्या अजून दिसतात. नाद कुणाच्या मालकीचा, या प्रश्नाचे उत्तर आपल्या पूर्वजांनी फार काथ्याकूट न करता दिले होते.

प्रॉटेस्टंटांची कथा वेगळी. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत उतरले, १८३१ साली नगरला पोचले. त्यांनी सोबत आणलेली इंग्रजी स्तोत्रे मराठीत उतरवली गेली, ती मूळ चालींसकट. इंग्रजीचे वजन आघातावर असते, तर मराठीचे लघु-गुरूवर. त्यामुळे ऱ्हस्व अक्षर लांबवावे लागे, दीर्घ गिळावे लागे, आणि शेतावरून आलेल्या मंडळींना आपण काय गातो आहोत हे समजायला पाळकाने आधी अर्थ सांगावा लागे. नगरच्या कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले तेव्हा ही कोंडी फुटली. टाळ-मृदंगावर येशूचे आख्यान सांगायचे ही कल्पना त्या काळी काही मिशनऱ्यांनाही रुचणारी नव्हती.

मग नारायण वामन टिळक आले. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढची बरीच वर्षे त्यांचा मुक्काम नगरला होता. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. त्यांच्या अभंगांत, पदांत, भजनांत ख्रिस्त बाहेरून आणून बसवल्यासारखा वाटत नाही. मराठी प्रॉटेस्टंट चर्चमध्ये आजही हातोहाती असलेल्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात टिळकांचा वाटा फार मोठा आहे. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ प्रत्येक मराठी वाचकाला ठाऊक असते. पण त्या घरात तयार झालेली गाणी दर रविवारी हजारो गळ्यांतून निघतात, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. मराठी साहित्याच्या इतिहासात टिळक ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून एका परिच्छेदात आटोपतात. ख्रिस्ती मुलांसाठी ते पाठ्यपुस्तकातले कवी नाहीत. ते रविवारी सकाळी नऊ वाजता भेटतात.

कॅथलिक चर्चच्या उपासनेत मराठी सूर उशिरा आला. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेवरचा दस्तऐवज संमत केला आणि लॅटिनच्या जोडीला लोकभाषांना वाट करून दिली. ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे तिला उपासनेत योग्य स्थान द्यावे, असेही त्यात लिहिले होते. १९६४ साली मुंबईत आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेस भरली, पोप सहावे पॉल येऊन गेले, आणि भारतीय चालींचे ख्रिस्ती गीत हा चर्चेचा विषय राहिला नाही, प्रयोगाचा झाला. अंधेरीच्या ज्ञान आश्रमातले जर्मन धर्मगुरू जॉर्ज प्रॉक्श आणि त्यांच्यानंतर हिंदुस्थानी संगीत शिकलेले फादर चार्ल्स वाझ यांनी रागांवर आधारलेली प्रार्थनागीते घडवली. वसईत मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मराठीत होऊ लागली. त्या पिढीचे वाहन पेटी आणि तबला होते. पाश्चात्त्य ऑर्गनवर वाढलेल्या आजोबांना पेटीही तेव्हा बाटगी वाटली असणार.

वसईचा उल्लेख आला की ‘सुवार्ता’ मासिक आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची आठवण येतेच. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, आणि जानेवारी २०२० मध्ये ते उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्या निवडीला विरोधही झाला. ज्याने बायबल सोप्या मराठीत आणले त्याच्या मराठीपणाचा दाखला मागितला गेला. वसईतल्या मुलांनी ती बातमी कशी वाचली असेल, याची कल्पना करता येते. घरी सामवेदी म्हणजे कादोडी बोली, चर्चमध्ये प्रमाण मराठी, कॉलेजात इंग्रजी, लोकलमध्ये हिंदी, आणि तरीही ‘तुम्ही मराठी कसे?’ हा प्रश्न.

वसईची डिसेंबरातली संध्याकाळ पाहिली म्हणजे तरुणांची श्रद्धा कशावर उभी आहे ते कळते. आळीआळीत येशूजन्माचे गोठे उभारले जातात. कुणी त्यात बुडणाऱ्या होडीचे दृश्य रचतो, तर कुणी टँकरला वैतागलेल्या गावाचे. कॅरोलच्या सरावाला इंजिनीअरिंगची मुले आणि भाजीच्या टोपल्या उतरवून आलेल्या घरच्या मुली एकत्र बसतात. जो मुलगा वर्षभर मिस्सेला शेवटच्या बाकावर मोबाइल बघत बसतो, तोच गोठ्याच्या बांबूंसाठी रात्री दोनपर्यंत जागतो. यात धर्म किती आणि हौस किती, असे फादरांनी विचारू नये. गणेशोत्सवाच्या मंडळालाही हा प्रश्न विचारायचा नसतो.

कॅथलिक तरुणांना अलीकडे एक समवयस्क संतही लाभला. १९९१ साली जन्मलेला इटलीचा कार्लो अक्युटिस पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेला. तो संगणकावर वेबसाइट बनवत असे आणि व्हिडिओ गेम खेळत असे. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप चौदावे लिओ यांनी त्याला संत घोषित केले. असिसीत त्याचा देह जीन्स आणि स्पोर्ट्स शूजमध्ये दर्शनासाठी ठेवला आहे. जीन्स घालून चर्चला येऊ नको म्हणणाऱ्या आईची यामुळे भलतीच पंचाईत झाली असावी.

आता गिटारकडे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत हिप्पी तरुणांमध्ये ख्रिस्ताची लाट आली. लॅरी नॉर्मनसारखे गायक रॉकच्या ठेक्यावर येशूबद्दल गाऊ लागले. तेव्हाही वडीलधाऱ्यांना तो ठेका सैतानी वाटला होता. त्याच प्रवाहातून पुढे वर्शिप संगीत हा मोठा उद्योग झाला, आणि सिडनीच्या हिलसाँग चर्चची गाणी पुण्या-मुंबईच्या यूथ फेलोशिपपर्यंत आली. कीबोर्डवर चार कॉर्ड, कॅहॉनवर ठेका, अंधारलेला हॉल, भिंतीवर सरकणारे शब्द. घरी आल्यावर तीच गाणी यूट्यूबवर सापडतात, हिंदीतही सापडतात. मराठीत मात्र बरीचशी भाषांतरे सापडतात, आणि तिथे सांगळ्यांच्या आधीची जुनी खोट पुन्हा डोके वर काढते: चाल इंग्रजी, शब्द मराठी, ऱ्हस्व-दीर्घाची फरफट. मराठी भजन मुलांना जुनाट वाटते, यात गिटारचा दोष नाही. टिळकांच्या तोडीचे नवे शब्द मराठीत पुरेसे लिहिले जात नाहीत, हा खरा दोष आहे.

आणखी एक उणीव आहे. नवी गाणी बहुतेक ‘मी’ आणि ‘तू’ या दोघांतच फिरतात. नगर-श्रीरामपूरच्या पट्ट्यातल्या अनेक ख्रिस्ती मुलांचे आजोबा-पणजोबा गावकुसाबाहेरचे. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातीचा दर्जा नाही. शीख आणि बौद्धांना तो पुढे १९५६ आणि १९९० साली मिळाला. या प्रश्नाचा अभ्यास करायला ऑक्टोबर २०२२ मध्ये न्या. बालकृष्णन आयोग नेमला गेला. कॉलेजच्या प्रवेश अर्जात धर्माचा रकाना भरताना पेन अडखळणे हा या मुलांच्या रोजच्या श्रद्धेचा भाग आहे, आणि त्याबद्दल वर्शिप टीमकडे गाणे नाही. हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मारियेच्या, यात्रेत सप्टेंबरात पायी येणाऱ्या दिंड्या मात्र जुन्या चालींवर माउलीला आळवतात, आणि त्यांत तरुण पोरे पुढे असतात.

गुड फ्रायडेच्या दुपारी प्रॉटेस्टंट चर्चमध्ये वधस्तंभावरच्या सात उद्गारांची तीन तासांची उपासना होते. प्रत्येक उद्गारावर एकेक जण बोलतो, मधे गाणी होतात. इतर वेळी जागेसाठी भांडणारे सगळे सूर त्या दिवशी एकत्र येतात: टिळकांचे पद, एखादे जुने इंग्रजी स्तोत्र, तरुण संघाचे गिटारवरचे गाणे, कधी कुणा आजीने काढलेली ओवी. अलीकडे काही ठिकाणी तरुणांनीच टिळकांच्या पदांना नवे वाद्यमेळ देऊन ती ध्वनिमुद्रित करायला घेतली आहेत. पेटीवाले काका कुरकुरतात, पण कुठली पट्टी धरायची हे शेवटी तेच सांगतात.