वेग आणि विवेक

संगणकाच्या आज्ञावल्या प्रथम माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिल्या जातात. या मूळ लेखनाचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीस ‘कंपायलर’ म्हणतात. बहुतेकांना हे रूपांतर आयतेच मिळते. परंतु लिनक्सच्या जगात मूळ लेखन आणून ते आपल्याच यंत्रावर बांधून घेणारेही आहेत. ‘जेंटू’ ही शाखा याच रीतीवर उभी राहिली. चपळ पोहणाऱ्या एका पेंग्विनचे नाव तिने घेतले, यावरून तिची वेगाची हौस ध्यानात यावी.

कंपायलरने शब्दशः भाषांतर करावे की कुशल संपादनही करावे? १९५७ साली आय.बी.एम.मध्ये जॉन बॅकस यांच्या गटाने फोरट्रानचा कंपायलर सिद्ध केला, तेव्हाही हाताने लिहिलेल्या यंत्रभाषेची बरोबरी करण्याचा ध्यास होताच. १९८७ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी प्रसृत केलेल्या जी.सी.सी.मध्ये या संपादनाच्या पायऱ्या आहेत. ‘ओ-०’ म्हणजे जवळजवळ जसेच्या तसे. दोष शोधताना हीच सोयीची. ‘ओ-२’ निरर्थक काम गाळते व तेच गणित दोनदा करीत नाही. ‘ओ-३’ त्याही पुढे जाते. पण तिने आज्ञावली फुगते, आणि प्रोसेसरजवळच्या चिमुकल्या स्मृतीत ती न मावल्यास वेग उलट मंदावतो.

खरा धोका ‘फास्ट-मॅथ’ या सवलतीत आहे. तिच्यामुळे बेरजा-वजाबाक्यांचा क्रम बदलण्याची मुभा कंपायलरला मिळते. कागदावर याने काही बिघडत नाही. संगणकाच्या दशांश गणितात मात्र बिघडते. एकावर सोळा शून्ये असलेल्या संख्येत एक मिळवून तीच संख्या वजा केली, तर नेहमीच्या दुहेरी अचूकतेत उत्तर शून्य येते. आधी वजाबाकी केली तर एक! ज्या लेखकाने विशिष्ट क्रम जाणूनबुजून योजिला असेल, त्याची सारी दक्षता येथे व्यर्थ ठरते.

‘मार्च’पुढे ‘नेटिव्ह’ लिहिले असता आज्ञावली त्याच प्रोसेसरच्या मापाने बेतली जाते. स्वतःच्या यंत्रापुरते हे उत्तम. पण तीच आज्ञावली आप्तांच्या जुन्या संगणकावर नेल्यास अनोळखी आज्ञा भेटताच ती मध्येच बंद पडू शकते.

म्हणून सर्वसाधारण कामास ‘ओ-२’ पुरे. डेबियनची आयती पोतडीही सामान्यतः याच पायरीवर बांधली जाते. त्यापुढे जावयाचे तर आधी घड्याळ लावून मोजावे. शिवाय लिहिणारा मनुष्य पुष्कळदा यंत्राच्या प्रतीक्षेत नसतो. यंत्रच त्याच्या पुढच्या अक्षराची वाट पाहत असते. तेथे वाचलेल्या क्षणांपेक्षा बांधणीत गेलेले तासच अधिक भरतात. उत्तर लवकर मिळावे हे खरे. परंतु ते बरोबर असावे, हे त्याहून खरे.