चित्राची किंमत आणि चित्राची वंशावळ

अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात एक शिलालेख आहे. लेणे कोणी करविले हे त्यात नोंदलेले आहे : वाकाटक राजा हरिषेण याचा सचिव वराहदेव. हरिषेण हा वत्सगुल्म शाखेचा, आणि वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात या गावच्या राजसत्तेकडे जमा झालेले धन अजिंठ्याच्या भिंतींवर रंग होऊन उतरले. शिलालेखात राजाची वंशावळ आहे, सचिवाच्या घराण्याची आहे. ज्याने भिंतीला रंग लावला त्याचे नाव नाही.

हे आठवण्याचे कारण एका विद्यार्थ्याचा प्रश्न. सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्लीत सॅफ्रनआर्टच्या लिलावात वासुदेव गायतोंडे यांचे १९७० सालचे एक तैलचित्र ६७ कोटी ८ लाख रुपयांना विकले गेले. त्या चित्राचे छायाचित्र घेऊन तो आला आणि म्हणाला, "सर, यात तर काहीच काढलेले नाही. मग पैसे कशाचे दिले?" मुलगा सोयाबीनवाल्या घरातला. २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. आम्ही तिथेच हिशेब केला. या एका चित्राची किंमत सव्वा लाख क्विंटल सोयाबीनहून किंचित जास्त भरते, तीही हमीभाव पदरात पडला तर.

अशा प्रश्नाला आपल्याकडे दोन उत्तरे तयार असतात. कलावादी म्हणतो, तुला दृष्टी नाही. कार्यकर्ता म्हणतो, ही सगळी भांडवलदारांची थेरं. पहिले उत्तर मुलाचा अपमान करणारे आहे आणि दुसऱ्याने त्याला काहीच कळत नाही. म्हणून हा लेख.

गायतोंडे हे काही परके नाव नव्हे. कुटुंब मूळचे गोव्याचे, पण त्यांचा जन्म १९२४ साली नागपूरचा. १९४८ साली त्यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून पदविका घेतली, पुढे प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपशी ते जोडले गेले. १९६४ साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले, १९७१ साली पद्मश्री मिळाली. १९७२ पासून ते दिल्लीत निजामुद्दीन भागात एकटेच एका लहान जागेत राहिले. १० ऑगस्ट २००१ रोजी त्यांचे निधन झाले. 'अमूर्त' हा शब्द त्यांना स्वतःच्या चित्रांसाठी मान्य नव्हता. अमूर्त म्हटले की आधी काहीतरी मूर्त होते आणि ते गाळले, असे वाटते. आपली चित्रे कोणत्याही वस्तूपासून निघालेलीच नाहीत, एवढेच ते सांगत. रंगाचा थर द्यायचा, रोलर आणि पॅलेट नाइफने तो खरवडायचा, पुन्हा थर द्यायचा. कधी फाडलेल्या कागदाने रंग कॅनव्हासवर उतरवायचा. शेवटी कॅनव्हासच्या आतून उजेड येतो आहे असा भास होतो.

या चित्रकाराला झेन विचाराची ओढ होती. बुद्धाचे ध्यान चीन-जपानमार्गे फिरून मुंबईच्या स्टुडिओत आले, त्याच काळात १९५६ साली नागपुरात लाखो माणसे त्याच बुद्धाकडे वेगळ्या वाटेने गेली. एका वाटेवर मौन होते, दुसऱ्या वाटेवर बावीस प्रतिज्ञा. मला दुसरी वाट जवळची आहे. परंतु म्हणून पहिल्या वाटेवरच्या माणसाला मी ढोंगी म्हणणार नाही. वर्षाला पाचसहाच चित्रे करून जो त्यातच समाधानी राहिला, त्याने बाजारासाठी काम केले असे म्हणणे अन्यायाचे होईल. चित्र आणि चित्राची किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यापुढे आपण किमतीविषयी बोलू.

किंमत कशी बनते हे समजायला मला बाबासाहेबांच्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या १९२३ च्या ग्रंथाची मदत होते. १८९३ साली सरकारने टांकसाळी लोकांसाठी बंद केल्या, पण स्वतःसाठी उघड्या ठेवल्या. बाबासाहेबांचे म्हणणे असे होते की नाणे पाडण्यावर पक्की मर्यादा हवी, आणि टांकसाळ सरकारलाही बंद हवी. मर्यादा नसेल तर रुपयाची क्रयशक्ती घसरते आणि मार गरिबाला बसतो. आता हेच चित्रांना लावून पाहा. जिवंत चित्रकार म्हणजे चालू टांकसाळ. उद्या त्याने पन्नास चित्रे काढली तर आजच्या चित्राचे काय, ही धास्ती घेणाऱ्याला असते. गायतोंड्यांची टांकसाळ २००१ साली कायमची बंद झाली. त्याआधीही ती संथच चाले. १९८४ च्या अपघातानंतर काही वर्षे त्यांना मोठे कॅनव्हास हाताळता आले नाहीत. म्हणजे एकूण नाणी थोडी, त्यांतली बरीचशी संग्रहालयांत आणि मोठ्या घरांत अडकलेली, आणि बाजारात एखाददुसरेच येणार. अशा वेळी दोन श्रीमंत एकमेकांपुढे उभे ठाकले की भाव कुठेही जातो. डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईत ख्रिस्तीजच्या लिलावात त्यांच्या १९७९ च्या चित्राला साडेसहा ते साडेआठ कोटींचा अंदाज होता. ते २३ कोटी ७० लाखांना गेले. २०२१ साली दुसऱ्या एका चित्राला सुमारे ४० कोटी आले. मग २०२५ चे ६७ कोटी. दरम्यान २०१४-१५ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचे मोठे प्रदर्शन झाले होते. तिथली एक भिंत मिळाली की इथल्या दहा समीक्षकांची तोंडे उघडतात, हा आपला जुनाच अनुभव.

कायद्याचाही थोडा हात आहे. १९७२ च्या पुरावस्तू व बहुमूल्य कलाकृती कायद्याखाली रवी वर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय अशा नऊ चित्रकारांची चित्रे देशाबाहेर विकता येत नाहीत. गायतोंडे त्या यादीत नाहीत, म्हणून त्यांच्या चित्राला परदेशातलाही गिऱ्हाईक चालतो.

पण टांकसाळ बंद झाली की खोटी नाणी पाडणारे येतात. त्यामुळे घेणारा चित्राआधी चित्राचा कागद पाहतो. चित्र कोणाकडून कोणाकडे गेले, कोणत्या प्रदर्शनात लागले, कोणत्या पुस्तकात छापले, पावती आहे काय, मागच्या बाजूला सही आणि साल आहे काय. गायतोंडे सही सहसा कॅनव्हासच्या मागे करीत, पुष्कळदा देवनागरीत. इंग्रजीत या सगळ्याला प्रोव्हेनन्स म्हणतात. मी त्याला वंशावळ म्हणतो. आपल्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. जातपडताळणी समितीपुढे जो उभा राहिला आहे, आजोबाचा १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा शाळेचा दाखला शोधत ज्याने चार गावे पालथी घातली आहेत, त्याला कागदावाचून अस्सल माणूसही खोटा कसा ठरतो हे ठाऊक आहे. चित्रांच्या बाजारात नेमके तेच घडते. नावाजलेल्या घरात जन्मभर टांगलेले चित्र आपोआप अस्सल ठरते. तसलेच चित्र एखाद्या शिक्षकाच्या घरातून, बिनपावतीचे आले, तर त्याच्याकडे कोणी वळून पाहत नाही.

मग मास्तराने चार पैसे साठवून चित्रात गुंतवावेत काय? हल्ली हा सल्ला देणारे पुष्कळ आहेत, म्हणून रोखठोक सांगतो. शेअर किंवा मुदत ठेव काही ना काही उत्पन्न देते, चित्र भिंतीवर राहून काहीही कमावत नाही. उलट दमट हवा, वाळवी आणि विमा त्याचेच पैसे खातात. विकायला निघाल्यावर गिऱ्हाईक मिळेलच असे नाही. लिलावगृह विकणाऱ्याकडून दलाली घेते, घेणाऱ्याकडून बोलीवर अधिभार घेते. वर्तमानपत्रात छापून येणारा आकडा बहुधा हा अधिभार धरूनच असतो. विकणाऱ्याच्या हाती पडते ती रक्कम त्याहून बरीच कमी. शिवाय बातमी होते ती चढलेल्या चित्राची. ज्या शेकडो चित्रकारांचे भाव २००८ च्या मंदीनंतर पुन्हा वर आलेच नाहीत, त्यांची बातमी कोण छापणार? २००६ साली ओशियान या संस्थेने कलानिधी काढून गुंतवणूकदारांकडून शंभर कोटींहून अधिक रक्कम गोळा केली. २००९ साली मुदत संपली तेव्हा लोकांचे पैसे वेळेवर परत गेले नाहीत आणि पुढे सेबीला हस्तक्षेप करावा लागला. ते गुंतवणूकदार काही अडाणी नव्हते. चित्र आवडले, परवडले, रोज पाहावेसे वाटले तर जरूर घ्या. पण पेन्शनचा पैसा त्यात घालू नका.

आणि चित्रकाराला काय मिळते? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने ५३-अ हे कलम आले. दहा हजारांहून अधिक किमतीला मूळ चित्र पुन्हा विकले गेले तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्यात हिस्सा मागता येतो, जास्तीत जास्त दहा टक्के. कलम चांगले आहे. लिलावाच्या बातम्यांत मात्र विक्रम किती मोडले ते असते, हा हिस्सा कोणाला दिला ते कधी वाचायला मिळत नाही. मूळचा चित्रकार जेवढ्याला विकतो तेवढ्यावर त्याचा संबंध संपल्यासारखाच असतो. पुढची सगळी वाढ ज्याच्याकडे थांबण्याची ऐपत होती त्याची.

थांबण्याची ऐपत, हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. सोयाबीन घरात ठेवून भाव वाढेपर्यंत थांबणे ज्याला परवडत नाही, त्याला चाळीस वर्षे चित्र ठेवणे कुठून परवडणार?

आता आपल्या चित्रांकडे वळू. नागपूरच्या सवी सावरकरांनी गळ्यात मडके आणि पाठीला झाडू बांधलेला अस्पृश्य रंगवला, विक्रोळीच्या विक्रांत भिसे यांनी चळवळीची माणसे रंगवली. त्यांची नावे निदान कला-वर्तुळात पोहोचली. पण वाशीम, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा, मालेगाव, मानोरा या तालुक्यांत फिरा. विहारांच्या भिंतींवर, वस्तीच्या कमानींवर पेंटरांनी रंगवलेले बुद्ध आणि बाबासाहेब दिसतील, त्यांतले काही खरोखर चांगले. मजुरी फुटावर ठरली, पावती कोणी दिली नाही, सही कोपऱ्यात बारीक. फ्लेक्स आल्यापासून हे पेंटर दुसऱ्या कामाला लागले. जयंतीच्या आधी भिंतीला नवा रंग देतात तेव्हा जुने चित्र त्याखाली जाते, आणि ते कोणी, कोणत्या साली काढले होते हे सांगणारे एखाददुसरे म्हातारे माणूस उरते. आपल्या मासिकांची जुनी मुखपृष्ठे आणि मोर्च्यांचे हाताने रंगवलेले फलक यांचीही तीच गत.

आमच्या त्या विद्यार्थ्याला मी एक काम सांगितले आहे. गावातल्या विहाराच्या भिंतीचा दिवसाच्या उजेडात सरळ समोरून फोटो घ्यायचा, शेजारी मोजपट्टी ठेवायची. पेंटर हयात असेल तर त्याच्याकडून नाव, साल, रंग कोणता वापरला आणि पैसे किती मिळाले ते त्याच्याच हाताने लिहून घ्यायचे. फोटोच्या मागे तारीख टाकायची. तो पहिल्या रविवारी गेला तेव्हा पेंटर घरी नव्हता, हरभऱ्याच्या सोंगणीला गेला होता. पुढच्या रविवारी पुन्हा जाणार आहे.